आखाजीचं खोकं

रावजी बच्छावला कागद वळवता यायचा तशी जीभ वळवता आली असती, तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. पण नव्हती येत. काही माणसांना तोंडातून गोड शब्द बाहेर काढायचा म्हणजे जकात भरावी लागते, त्यातला तो. मूळचा सटाण्याकडचा, पण नाशकात येऊन आयुष्य गेलं. इंदिरानगरात घराच्या मागे त्याचं पत्र्याचं शेड होतं. त्यात एक पंचिंग मशीन, दोन लांब टेबलं आणि पुठ्ठ्यांच्या थप्प्या. मिठाईची खोकी, पत्रिकांची पाकिटं, भेटकार्डं, असं कागदाला आकार द्यायचं काम तिथे चालायचं. मशीनचा जबडा उघडायचा, रावजी त्यात पुठ्ठा सरकवायचा, जबडा मिटायचा, आणि पुठ्ठा बाहेर यायचा तो कडा कापून, घड्यांच्या रेघा उमटवून. मशीनवर असताना माणसाने गप्प राहावं, नाहीतर बोटं जातात, असं तो म्हणायचा. मशीन बंद झाल्यावरही तो गप्पच राहायचा, त्याला काय म्हणावं?

२००३ चा उन्हाळा होता. कॉलेज रोडच्या एका दुकानाने उन्हाळी माल मागवला होता: कैरीच्या आकाराची कार्डं, कलिंगडाच्या फोडीसारखी खोकी, उघडलं की आतून छत्री उभी राहणारी पत्रं. सुट्टीत पोरापोरींनी एकमेकांना द्यायची म्हणे. शेडमध्ये पंखा गरम हवा ढवळत होता आणि रावजीची बायको कमळाबाई पुठ्ठ्याच्या कैऱ्यांना हिरवी पानं चिकटवत बसली होती.

चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "आखाजी आली."

रावजीने ऐकलं. ऐकून मशीनचं बटण दाबलं. खटक-खटक सुरू झालं की त्या शेडमध्ये कुणाचंच काही ऐकू येत नसे, आणि ही सोय त्याने आयुष्यभर वापरली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या गावांना तो सोनं घ्यायचा मुहूर्त असेल. आमच्या सटाण्याकडे, बागलाणात, तो पोरींचा सण. लग्न झालेली पोर आखाजीला माहेरी येणारच, झोके घेणार, आमरस-सांजोऱ्या खाणार, चार दिवस सासरचं नाव काढणार नाही. पण आपल्या पायाने यायची नाही हं! माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात दिसला की पोरीचा चेहरा बघावा, आणि नाही दिसला तर बघू नये.

रावजीला एकच मुलगी, सविता. कॉलेज सुटलं की शेडमध्ये येऊन खोकी चिकटवायची. तिथेच किशोर कामाला होता. डाय बनवायचं काम त्याचं, म्हणजे लाकडी फळीत पोलादी पाती वाकवून बसवायची, ज्या आकारात पाती तो आकार कागदावर. हाताचा साफ पोरगा. रावजी दहा जणांत त्याचं कौतुक करायचा. तेच कौतुक पोरीने मनावर घेतलं आणि घात झाला. किशोरच्या समाजाशी सोयरीक? भाऊबंद फाडून खातील! रावजी भांडला नाही, ओरडला नाही. नुसतं "नाही" म्हणाला आणि विषय संपला असं समजला. विषय कसला संपतोय! दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि हार घालूनच पाया पडायला शेडच्या दारात आली. रावजीने मशीन बंद केलं नाही. खटक-खटक चालूच. आवाज थांबेल म्हणून दोघं बराच वेळ उन्हात उभी राहिली, मग निघून गेली. किशोरच्या आईचं घर देवळ्याला, तिथे राहू लागली. कमळाबाईने त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. सविताला भाऊ नाही. चुलतभाऊ चंदर सटाण्याला होता, पण त्याला रावजीने बजावून ठेवलं होतं की देवळ्याच्या वाटेला जायचं नाही. दोन्ही वर्षं मुराळी गेला नाही, पोर आली नाही.

आणि खरं सांगायचं तर रावजी आतून पार मोडला होता. राग केव्हाच उतरला होता. पण उतरलेला राग जाहीर करायचा कसा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. जावं आणि म्हणावं, "बाई, चुकलो, घरी चल"? छे! नुसत्या विचाराने तो मशीनचं बटण दाबायचा.

म्हणून त्याने जे येत होतं ते केलं.

एका संध्याकाळी त्याने प्लायवूडची नवी फळी घेतली आणि पेन्सिलने रेघा मारायला लागला. डाय वाकवायला आता किशोर नव्हता, बाहेरून करून आणायचा. ही मात्र त्याने स्वतः करायला घेतली. चष्मा कपाळावर, तोंडात पेन्सिल, हातात पक्कड. पातं निसटून दोनदा बोट कापलं. पहिली डाय झाली, पुठ्ठा सरकवला, आणि जिथे नुसती घडी हवी तिथे आरपार काप! खोकं हातातच दोन तुकडे झालं. त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पाती उपसून पुन्हा बसवली. रोजचं काम उरकलं की हेच. कमळाबाई दाराशी येऊन बघायची आणि जायची. विचारून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आणि काय खोकं झालं ते! बाहेरच्या चारी बाजूंना कापलेल्या कैऱ्या, त्यांच्या मागे पिवळा कागद, म्हणजे उजेडात धरलं की आंबे पिकल्यासारखे दिसायचे. झाकण उघडलं की आतून हिरव्या कागदाचा निंब पानापानाने उभा राहायचा, आणि त्याच्या फांदीला बारीक सुतळीचा झोका. झोक्याची पाटी रिकामी. हलकी फुंकर घातली की हलायची.

रावजीने ते कमळाबाईपुढे ठेवलं. तिने झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. तिचे डोळे भरून आले.

"सवितासाठी?"

"हं. सांजोऱ्या कर. यात घालून पाठवू."

कमळाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "सांजोऱ्या घालून? अहो, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? आपल्यात सणाचा वाटा घरी कधी धाडतात? पोरीला आणायचं नसतं तेव्हा! सुतक असलं, भांडण असलं, की धाडतात डबा. डबा आला म्हंजे यंदा मुराळी नाय, एवढं शेंबड्या पोराला कळतं."

"गावच्या रिती गावाला."

"देवळा काय परदेशात हाय?"

"झोका बघ ना त्यातला. रिकामा ठेवलाय. कुणासाठी ठेवलाय? बघितल्यावर समजेल तिला. माझी पोर आहे ती."

"तुमची पोर हाय म्हणूनच तर काळजी! तीबी बोलायची नाय, तुमीबी बोलायचे नाय. खोकं नका धाडू. माणूस धाडा. नायतर चिठ्ठी तरी घाला दोन ओळींची."

चिठ्ठीचं त्याला पटलं होतं, असं दिसतं. त्याने कार्डाचा एक कोरा तुकडा घेतला, पेन घेतलं, आणि बसला. काय लिहायचं? 'ये' लिहायचं. एक अक्षर. तेवढंही त्याच्या हातून उतरेना. शेवटी त्याने तो तुकडा झोक्याखाली जमीन म्हणून चिकटवून टाकला, कोराच. कमळाबाईने सांजोऱ्या तळल्या, रडत रडत तळल्या, आणि देवळ्याकडून कांदा घेऊन येणाऱ्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर खोकं रवाना झालं.

त्यानंतरचा रावजी बघण्यासारखा होता. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर वर्षवर्ष सुरकुती हलत नसे तो गुणगुणत होता! केस कापून आला. कलिंगड आणलं, हापूस आणले. शेडमधली टेबलं एका कडेला ओढली आणि छताच्या लोखंडी तुळईला दोर टाकून खराखुरा झोका बांधला. स्वतः बसून, दोन हेलकावे घेऊन, दोर तपासला. कमळाबाईलाही मग वाटू लागलं, कोण जाणे, येईलही. वेड्या आशेला काय, कुठेही मूळ धरते.

आखाजीची सकाळ उजाडली. रावजी धुतलेला सदरा घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसला. रिक्षा वळली की उठायचा, पुढे गेली की बसायचा. शेजारच्या घरात माहेरवाशीण आली, तिचं हसणं भिंतीवरून ऐकू येत होतं. ऊन चढलं, रस्ता ओस पडला. आत आमरस झाकून ठेवला होता. रावजीने तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा कमळाबाई बाहेर आली. ती रागावली की नाशिकची राहायची नाही, सरळ सटाण्याची व्हायची.

"पोर मनी शे, माझी हाय," ती म्हणाली. "मी जन्म दिला तिला. मुराळ्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाय, मेली तरी. आता उठा. जा, आनि तिले लई या, घेऊन या."

रावजी उठला. चपला घातल्या आणि निघाला. तिच्या अंगात आलेल्या त्या आवाजाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि मनातून त्यालाही तेच हवं होतं, ते दुसऱ्या कुणी म्हणायला हवं होतं इतकंच.

एसटीत बसून तो वाक्य पाठ करत राहिला. 'सविता, मी न्यायला आलोय.' एवढंच. चांदवड येईपर्यंत पाठ झालं, पुढे देवळा येईपर्यंत विसरेल की काय म्हणून परत परत म्हणत बसला. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हातारा जप करतोय.

किशोरचं घर बाजारापलीकडच्या वस्तीत. विटांच्या दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेला ओटा. सविता ओट्यावर गहू निवडत होती. तिने मान वर केली आणि सूप तसंच मांडीवर राहिलं. वाळली होती पोर. गळ्यात काळी पोत, अंगावर घरातलीच साडी. सणाचं काही नव्हतं.

"या, नाना," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं.

आतल्या खोलीत टीव्हीवर ते खोकं उघडं ठेवलं होतं. निंब उभा, झोका लोंबकळता. सांजोऱ्या तशाच होत्या, एकीलाही हात लागला नव्हता. किशोर उठून उभा राहिला, नमस्कार केला. त्याची आई भागीबाई चुलीजवळून पुढे आली, पदर सावरून.

 मग सविताच म्हणाली, "फार सुंदर झालंय नाना. सगळी आळी बघून गेली."

"हो तर," भागीबाई म्हणाली. तिला आत काही ठेवता यायचं नाही, बाई रोखठोक. "सगळी आळी आली. खोकं बघून वा वा केलं, आनि जाताना म्हणाली, भागे, तुझ्या सुनेचं म्हायेर खोक्यात आलं गं! गेली दोन वर्सं ही पोर पहाटे न्हाऊन, पिशवी भरून ओट्यावर बसायची. दिवस मावळला की पिशवी रिकामी करायची. यंदा तुमचं खोकं आलं, तर पिशवी भरलीच नाय. म्हणाली, आई, नानांनी आता सांगूनच टाकलं."

रावजी भिंतीशी खाली बसला. दोन वर्षं! भरलेली पिशवी घेऊन! आणि तो तिकडे खोकी कापत बसला होता. बायको बोंबलून सांगत होती, आणि याने झोक्याला सुतळी बांधली. त्याला स्वतःचीच किळस आली.

किशोर बिचारा वातावरण हलकं करायला पुढे झाला. खोकं हातात घेऊन म्हणाला, "नाना, पाती तुम्हीच वाकवलीत ना? देठाशी वळण आलंय बघा, असं बाहेरचा कारागीर नाही देत. मी सविताला म्हटलं, ज्याला हाकलायचं त्याच्यासाठी कुणी एवढं वळण काढत नाही."

आणि तेवढ्यावर रावजीचं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य तर आलंच, त्याच्या मागून पाठ न केलेलंही आलं, आणि खरं आलं.

"सविता, मी तुला न्यायला आलोय. मीच मुराळी. चल घरी. आणि किशोर, तूही ये. तुम्ही दोघं ये... या. चुकलो मी."

आयुष्यात इतकं एका दमात तो कधी बोलला नव्हता. सविताने तोंडाला पदर लावला आणि तिला हुंदका आवरेना. किशोर खाली बघून डोळे पुसायला लागला. भागीबाईसुद्धा विरघळली. "जा गं, भर पिशवी. ती जांभळी साडी घाल. आली बाई एकदाची पोरीची आखाजी!" असं म्हणत तिने सविताला आत पिटाळलं, आणि स्वतः लगबगीने फळीवरचा काचेचा नवा पेला काढला, धुतला, माठातलं पाणी भरलं, ताटलीत ठेवून व्याह्यापुढे धरला.  त्या घरात बच्छावांच्या तोलामोलाचं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं.

रावजीने पेल्याकडे पाहिलं. घसा सुकून लाकूड झाला होता. आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"नको. पाणी नको."

आता त्याच्या मनात काय होतं ते ऐका. त्यांच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. रावजीचा बाप भर उन्हात लेकीच्या गावी चालत जायचा आणि वेशीबाहेरच्या विहिरीवर तहान भागवून यायचा. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, द्यायचं, असा तो मान. आज कुठे रावजीने हे घर लेकीचं घर म्हणून मानलं होतं, म्हणून तर तो नको म्हणाला. छाती भरून, मोठ्या मानाने नको म्हणाला. आणि नेहमीप्रमाणे का ते बोलला नाही.

ताटली हवेतच राहिली. भागीबाईचा चेहरा बघता बघता दगडासारखा झाला. किशोरने खोकं खाली ठेवलं. त्या घराने हे जोडलेले हात पिढ्यान् पिढ्या पाहिले होते. मोठ्या जातीच्यांनी दारात बसून बोलायचं, काम सांगायचं, आणि पाणी पुढे केलं की हात जोडायचे. तिथे त्याचा दुसरा अर्थ कुणाला माहीतच नव्हता.

रावजीला उशिरा उमगलं. उमगलं आणि तो घाबरून उठलाच. "अहो ताई, तसं नाही हो! तसं नाही! लेकीच्या घरचं पाणी आम्ही... लेकरू होईपर्यंत... आमच्यात रीतच आहे..."

"रीत," भागीबाई म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "दोन वर्सं हे घर लेकीचं नव्हतं. आज पाण्यापुरतं तेवढं लेकीचं झालं व्हय?"

रावजीने ताटलीतला पेला खस्सकन उचलला आणि घटाघटा प्यायला. पाणी सदऱ्यावर सांडलं, ठसका लागला, तरी तळापर्यंत प्यायला. पिऊन पेला पुढे धरला, "बघा, प्यायलो," असं म्हणावं तसा. भागीबाईने तो घेतला नाही. किशोर बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला होता, पाठ करून.

सविता आतल्या दारात जांभळी साडी नेसून उभी होती. खांद्याला पिशवी. तिने सगळं ऐकलं होतं. तिला बापाची रीत ठाऊक होती, तो खोटं बोलत नाही हेही ठाऊक होतं. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग पिशवी खांद्यावरून काढून भिंतीशी ठेवली.

"सविता," रावजी म्हणाला, "तुला तरी माहीत आहे ना गं?"

"मला माहीत आहे, नाना." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण मला माहीत असून काय करू? मी गेले तर आई हा पेला धुताना घरात एकट्या असतील. जी बाई दोन वर्षं मला पिशवी परत रिकामी करू लागली, तिला आज असं सोडून मी झोका कशी घेऊ? तुम्ही जा. घरी माझ्या आईला सांगा, मी बरी आहे."

"मी परत येईन. उद्या येईन."

"या," ती म्हणाली, पण उद्या आखाजी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला, त्याच्या हातातला पेला घेतला आणि आत गेली.

किशोरने त्याला स्टँडपर्यंत सोडलं.  गाडीला गर्दी होती. ठिकठिकाणचे मुराळी आपापल्या बहिणींना, लेकींना घेऊन चढत होते, नव्या साड्या, मेंदीचे हात, हसणं, पोरांचा कालवा. रावजीला मागे एक जागा मिळाली. शेजारची जागा रिकामी बघून एका बाईने विचारलं, "कुणी येतंय का बाबा इथं?" त्याने मान हलवली. बाई बसली.

कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला. "नाशिक? किती?"

"एक," रावजी म्हणाला, आणि तेवढं म्हणतानाच त्याला रडू फुटलं.